जपानी खोलीत उजेड खाली उतरवावा लागतो

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नवा फ्लॅट घेतला आहे. बारा बाय सोळाचा हॉल, त्याला लागून दहा बाय बाराची एक खोली. त्या खोलीत तातामी म्हणजे जाड जपानी गवती चटया घालायच्या, खिडकीला शोजी म्हणजे लाकडी चौकटीतल्या कागदी सरकत्या झडपा बसवायच्या, बसणं-झोपणं जमिनीवरच ठेवायचं. हॉल आणि खोलीच्या मधेही आतून उजळणारी शोजी हवी. इंटिरियरवाल्यांनी फॉल्स सीलिंगमध्ये खोलीत आठ आणि हॉलमध्ये सोळा स्पॉट, भोवताली कोव्ह लाइट म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेले दिवे आणि मधोमध एक मोठा कागदी गोळा असं ड्रॉइंग दिलंय. घरात ७२ वर्षांचे वडील आहेत, ते जमिनीवर पेपर पसरून वाचतात. कुठले दिवे घ्यावेत?

दिवे अजून घेऊ नका. आधी त्या रिकाम्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसा आणि टेपने डोळ्यांची उंची मोजा. साधारण अडीच फूट भरेल. खुर्चीवर बसल्यावर हीच उंची पावणेचार-चार फुटांवर जाते, उभं राहिल्यावर पाचच्या पुढे. तुमचं ड्रॉइंग उभ्या माणसासाठी काढलेलं आहे आणि तुम्ही राहणार आहात बसलेले, आडवे झालेले. तातामीवर गादी टाकून उताणं पडलात की छतातले आठही स्पॉट थेट डोळ्यांत येणार. म्हणून माझं पहिलं सांगणं, त्या खोलीतले आठही स्पॉट रद्द करा. हॉलचं पुढे बोलतो.

मी जपानमधल्या नागोयात तीन वर्षं प्रकाशयोजनेचं काम केलं, त्यानंतरची सोळा वर्षं इथेच करतोय. तिथे मला पहिल्यांदा जे शिकवलं, ते दिव्यांबद्दल नव्हतंच. जुन्या घरात दुपारी नेऊन बसवलं आणि उजेड कुठून येतो ते बघत राहा म्हणून सांगितलं. जुन्या जपानी घराची वळचण खूप पुढे आलेली असते. तिच्याखाली एंगावा, म्हणजे आपल्या कोकणातल्या पडवीसारखा लाकडी पट्टा. सूर्य डोक्यावर असला तरी ऊन थेट आत येत नाही. ते अंगणातल्या वाळूवर, दगडांवर पडतं, तिथून उसळून शोजीच्या कागदावर येतं, कागदातून गाळून तातामीवर उतरतं. खोलीत सगळ्यात उजळ काय दिसतं, तर खालची चटई आणि कागदाचा खालचा भाग. वर जाल तसा अंधार दाट होत जातो आणि लाकडी छत जवळजवळ काळोखातच असतं. आपल्या फ्लॅटमध्ये नेमकं उलटं असतं. छत पांढरंशुभ्र, दिवे त्यातच, आणि माणसं बसतात तिथे सावल्या.

रात्रीचंही तसंच. वीज येण्याआधी घरात आंदोन असायचा. लाकडी चौकट, तिला कागद आणि आत तेलाची बशी. मोहरीच्या जातीच्या सरसूचं तेल परवडलं तर ते, नाही तर सार्डिनसारख्या माशांचं, धूर आणि वास सोसून. त्यातली वात इगुसा नावाच्या लव्हाळ्याच्या गाभ्याची असे, आणि तातामीचा वरचा विणलेला थरही ह्याच इगुसाचा. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या चटईवरून हात फिरवत बसलो होतो. दिवा आणि जमीन एकाच गवताची! आंदोन जमिनीवरच ठेवलेला असायचा. म्हणजे दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा उजेड खालूनच. जपानी पद्धतीची खोली करायची म्हणजे एवढं एक सांभाळायचं. बाकी सगळं ह्यातून निघतं.

इथे एक खरं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तोक्योला कुणाच्या घरी गेलात तर गोंधळून जाल. आजच्या बहुतेक जपानी फ्लॅटमध्ये खोलीच्या मधोमध छताला एकच गोल मोठा दिवा असतो आणि तो लख्ख असतो. युद्धानंतर ट्यूबलाइट आली ती गोल नळीच्या रूपात आली, खाली ओढायची दोरी लटकवून, आणि ती सवय एलईडी आल्यावरही राहिली. तिथे छताचे दिवे तातामींच्या संख्येवर विकतात. ६ तातामींच्या खोलीला २७०० ते ३७०० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड), ८ तातामींना ३३०० ते ४३००. तुमची खोली सात तातामींच्या आसपास भरते, म्हणजे ह्या हिशोबाने साडेतीन हजार ल्युमेनचा एक गोळा छताला लागला की काम संपलं. ह्याला तिथे ‘इश्शित्सु-इत्तो’ म्हणतात, एका खोलीत एक दिवा. आणि ह्याला कंटाळलेले तिथलेच प्रकाशयोजनाकार गेली कित्येक वर्षं लोकांना ‘इश्शित्सु-तातो’ सांगत आहेत, एका खोलीत अनेक लहान दिवे. तुम्हाला जी खोली हवी आहे ती ह्या दुसऱ्या शब्दात आहे.

किती उजेड लागतो ह्याचा आकडा जपानच्या जेआयएस मानकातच आहे आणि तो मला फार शहाणा वाटतो. तो लक्समध्ये असतो, म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्या मापात. बैठकीच्या खोलीत एकंदर उजेड ५० लक्स पुरे, गप्पा मारत बसतो तिथे २००, वाचतो तिथे ५००. झोपायच्या खोलीत एकंदर २०, आणि मध्यरात्री उठून जायला फक्त २. तातामीच्या खोलीला एकंदर १००, बसकं टेबल आणि तोकोनोमा, म्हणजे भिंतीतला चित्र-फुलांचा कोनाडा, ह्यांना २००. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. वाचायच्या जागेला बाकीच्या खोलीच्या दहापट उजेड. म्हणजे खोली अंधारी ठेवा असं कुणीच म्हणत नाही. जिथे काम तिथे भरपूर द्या आणि उरलेलं शांत राहू द्या.

आता तुमची खोली. मी असं करेन.

तोकोनोमा ठेवणार असाल तर त्याच्या वरच्या आडव्या पट्टीमागे, बाहेरून दिसणार नाही अशी, ४०० ल्युमेनची पट्टी. जपानमध्येही दिवा ह्या पट्टीच्या पाठीमागेच लपवतात. कोनाड्यात स्पॉट लावू नका, फुलदाणीची टोकदार सावली मागच्या भिंतीवर पडते आणि दुकानाच्या शोकेससारखं दिसतं.

बसक्या टेबलावर एक कागदी लटकता दिवा, ८०० ल्युमेनचा म्हणजे साध्या ९ वॉटच्या बल्बएवढा. ड्रॉइंगमध्ये तो छताला चिकटवलाय. तो खाली आणा. त्याची खालची कड जमिनीपासून साडेतीन-पावणेचार फुटांवर यायला हवी, म्हणजे बसलेल्यांचे चेहरे एकमेकांना दिसतात आणि बल्ब कुणालाच दिसत नाही. इतक्या खाली लटकलेला दिवा डोक्याला लागेल ही भीती रास्त आहे, म्हणून तो टेबलाच्या बरोबर वरच हवा. टेबल तिथून हलणारच असेल (रात्री गादी घालायला हलेल) तर वायर लांब ठेवून छताला एक हूक द्या आणि दिवा वर अडकवायची सोय करा. साधा हूक पुरतो, कप्पी वगैरेची गरज नाही.

तिसरा दिवा आंदोनच्या जातीचा, जमिनीवर, कोपऱ्यात, दीड ते दोन फूट उंच. बल्ब ४०० ल्युमेन किंवा त्याहून कमी. हा दिवा सगळ्यात जास्त वेळ लागलेला राहील, हे मी आत्ताच सांगतो. कोपऱ्यात ठेवल्यामुळे दोन भिंतींवर उजेड चढत जातो आणि वर विरतो.

ह्या तिघांचे मिळून १६०० ल्युमेन झाले. कागद, लाकूड, मातकट भिंती ह्यांत बराच उजेड मुरतो, तरी तुमच्या ११ चौरस मीटरमध्ये सगळे लावल्यावर ५० लक्सच्या आसपास मिळतील, तातामीच्या खोलीच्या १०० पेक्षा कमी, पण बैठकीच्या खोलीएवढे. टेबलावर अर्थातच त्याहून पुष्कळ जास्त.

आणि चौथा दिवा वडिलांचा. ह्यावर मी तडजोड करणार नाही. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीच्या मानाने तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मुलाला पुरेसा वाटणारा उजेड वडिलांना अपुरा असतो आणि ते बोलत नाहीत, पेपर खिडकीकडे सरकवत राहतात. त्यांना मान वळवता येणारा, जमिनीवर उभा राहणारा वाचायचा दिवा द्या, तोंड खाली, टोपी खोल, पेपरपासून दोन फुटांच्या आत. जमिनीवर पसरलेल्या पेपरवर माणूस वाकला की छतातल्या दिव्याची सावली त्याच्याच डोक्याची पडते. म्हणूनही छतातला दिवा त्यांच्या उपयोगाचा नाही. हा दिवा त्यांच्या बाजूला डावीकडे असू दे, आणि त्याचं बटण वायरवर नको, दिव्याच्या मानेवर हवं, हाताला सहज लागेल असं. रात्री उठायच्या वाटेवर, जमिनीपासून अर्ध्या-पाऊण फुटावर, एक पायदिवा. त्याला माणूस हलला की लागणारा सेन्सर चालतो. घरात फक्त हाच दिवा मी सेन्सरवर ठेवेन.

रंगाचं लवकर सांगून टाकतो. २७०० केल्विन, सगळीकडे एकच. आपल्याकडे खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं आणि आत बरेचदा ३००० निघतात, त्यामुळे शब्द सोडून आकडा वाचा. ६५०० चा ‘कूल डेलाइट’ तातामीवर पडला की नवी हिरवट चटई आजारी दिसते आणि जुनी सोनेरी झालेली चटई राखाडी. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा घ्या. लाकूड, माती, कागद, माणसाची कातडी, ह्या खोलीत जे जे आहे ते सगळं तपकिरी-पिवळ्या-लाल छटांचं आहे आणि स्वस्त एलईडी नेमक्या ह्याच छटा खातो. वडिलांच्या वाचायच्या दिव्यात ३००० ते ३५०० चालेल, त्यांना विचारून.

आता कागदी दिव्याबद्दल, कारण फसगत इथेच होते. १९५१ साली शिल्पकार इसामु नोगुची गिफू शहरात गेला होता, नागारा नदीवरची पाणकावळ्यांची मासेमारी बघायला. गिफू हे कंदिलांचं गाव, पण धंदा उतरला होता, आणि तिथल्या महापौरांनी त्याला काहीतरी करा म्हणून गळ घातली. त्यातून ‘आकारी’ नावाचे दिवे जन्मले. ओझेकी ही १८९१ पासूनची तिथली कंपनी ते आजही हाताने करते. तसे काम मी गिफूत जवळून पाहिलंय. लाकडी पाकळ्यांचा साचा उभा केलेला असतो, त्याच्या खाचांतून बांबूची केसासारखी बारीक कामटी गोल गोल गुंडाळत आणतात, तिच्यावर वाशी ह्या जपानी हातकागदाच्या पट्ट्या ब्रशने चिकटवतात. एक पट्टी दुसरीवर जेमतेम एक-दोन मिलिमीटर चढते, जास्तीचा कागद पात्याने कापून टाकतात, म्हणजे दिवा लागल्यावर जोड काळा दिसत नाही. वाळलं की साच्याच्या पाकळ्या एकेक करून आतून सोडवतात आणि वरच्या तोंडातून बाहेर काढतात. उरतो तो पोकळ कागद, दाबला की पापडासारखा सपाट होणारा.

बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारा गोळा आणि हा ह्यांच्यात फरक कसा ओळखायचा? आत बल्ब लावा आणि सहा फुटांवरून बघा. स्वस्त गोळ्यात बल्बचा पांढरा ठिपका दिसतो आणि कडा मंद पडतात, कारण कागद लाकडाच्या लगद्याचा, आखूड तंतूंचा. वाशी कोझो म्हणजे जपानी तुतीच्या सालीची, तिचे तंतू लांब. त्यात उजेड अडकतो, पसरतो आणि सगळा गोळाच उजळतो. गिफूजवळच्या मिनोची वाशी आणखी दोन ठिकाणच्या वाशीबरोबर २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, ती ह्या कौशल्यासाठी.

पण खरी वाशी मागवायलाच हवी असं नाही. आकाशकंदील करणाऱ्या लोकांना बांबूच्या कामट्या आणि कागद ह्याबद्दल कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. मी आंदोनची चौकट सुताराकडून सागाच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्यांत करून घेतो, गोल दिव्यासाठी कामट्या बुरुडाकडून तासून आणतो, आणि कागद नेपाळी लोक्ता वापरतो. लोक्ताही झुडपाच्या सालीचाच, लांब तंतूंचा, वाशीच्या बराच जवळ जाणारा. आपला सुती चिंध्यांचा हातकागद सुंदर असतो, पण जाड आणि आखूड तंतूंचा, उजेड अडवतो. तो घ्यायचाच तर मिळेल तितका पातळ घ्या आणि आधी बल्बपुढे धरून बघा.

दोन आकारांपासून मात्र दूर राहा. लाल गोल कंदील जपानमध्ये दारूच्या गुत्त्याबाहेर टांगतात, गुत्त्याला नावच ‘आकाचोचिन’, लाल कंदील, असं आहे. आणि फुलं रंगवलेला अंडाकृती कंदील, टांगता किंवा तीन पायांचा, हा ओबोनचा. ओबोन म्हणजे घरी येणाऱ्या पितरांचा काळ, आपल्या पितृपक्षासारखा. घरात कुणी गेल्यानंतरच्या पहिल्या ओबोनला कोरा पांढरा कंदील लावतात. दुकानदार दोन्ही ‘जपानी लॅम्प’ म्हणून विकतो. वस्तू देखणी असते, पण ज्यांच्या घरातली ती आहे त्यांच्यासाठी तिला अर्थ आहे, तो पाळावा.

जपानहून कुणी दिवा आणून देणार असेल तर फक्त कागदी टोपी मागवा. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. तिकडचा बल्ब, वायर, होल्डर इथे लावू नका. होल्डर ई-२६ मापाचा असतो आणि आपला ई-२७ चा बल्ब त्यात जवळजवळ बसतो, म्हणून लोक बसवतात. ते करू नका, होल्डर-वायर-प्लग सगळं इथलं आयएसआय घ्या. आत फक्त एलईडी. हॅलोजन किंवा जुना पिवळा बल्ब कागदाला भाजतो.

पुण्याचा पावसाळा कागदाला सोसतो, मुंबई-कोकणातला सोसवत नाही. दमट हवेत खळ ओली राहते, बुरशीचे ठिपके येतात, कसर लागते. रोज तासभर दिवा लावलात तर आतली किंचित ऊबसुद्धा कागद कोरडा ठेवते. शोजीसाठी मात्र मी इथे प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद सुचवतो. जपानमध्येही तो सर्रास वापरतात, लहान मुलं आणि मांजरं असलेल्या घरांत तर हमखास. थोडी चमक येते, पण फाटत नाही आणि ओल्या फडक्याने पुसता येतो.

शोजीचा रात्रीचा उपयोग फार लोकांच्या लक्षात येत नाही. अंधार पडला की उघडी काच काळा आरसा होते. खोलीतला उजेड तिच्यातून बाहेर जातो आणि तुम्हाला तुमचंच प्रतिबिंब दिसतं. शोजी सरकवली की तीच जागा उजेड परत खोलीत पाठवणारी मऊ पांढरी भिंत होते, आणि तुम्हाला एक दिवा कमी लागतो. हॉल आणि खोलीच्या मधे आतून उजळणारी शोजी हवी असं तुम्ही लिहिलंय, तिथे सांभाळा. कागदामागे एलईडी पट्टी चिकटवली की ठिपक्यांची रांग दिसते. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी हे करून बसलो होतो आणि अख्खी झडप पुन्हा उघडावी लागली. पट्टीचं तोंड कागदाकडे न ठेवता मागच्या पांढऱ्या फळीकडे करा, मधे किमान सहा इंच मोकळी जागा सोडा. फळी उजळेल आणि कागद त्या उजेडाने भरेल.

हॉलमध्ये तुम्ही सोफ्यावर बसणार, तिथे सगळे स्पॉट काढा असं मी म्हणत नाही. सोळाचे चार करा, तेही खोल बसणारे, आणि भिंतीकडे वळवलेले. बाकी दोन उभे दिवे आणि एक टेबलावरचा. कोव्ह पूर्ण रद्द करा, कारण तो नेमकं छतच उजळतो. तेच पैसे एका भिंतीवर घाला, मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याची, वरून खाली उजेड सरपटत येईल अशी. जपानमध्ये माती-पेंढ्याच्या भिंतीवर असा उजेड पडला की पेंढ्याची काडी न काडी उठून दिसते. क्योतोजवळ यामाझाकीला ताइआन ही दोन तातामींची चहाची खोली आहे, सेन नो रिक्यू ह्या जुन्या चहागुरूची मानतात. तिच्यात खिडक्यांतून येणारा जेमतेम उजेड आणि तशी भिंत, एवढंच आहे. पण आपल्या पुट्टीच्या भिंतीवर हा प्रयोग करू नका. सरपटता उजेड पुट्टीचा प्रत्येक फुगवटा दाखवतो. आधी गिलावा खरा करून घ्या, मग दिवा. छताला पांढऱ्याऐवजी मातकट, चमक नसलेला रंग द्या, फरक पहिल्याच रात्री कळेल.

डिमरच्या मागे फार लागू नका. साध्या एलईडीवर डिमर टाकला की तो थरथरतो किंवा गुणगुणतो. डिमर हवाच असेल तर बल्ब आणि डिमर दोन्ही जुळणारे घ्या. त्यापेक्षा प्रत्येक दिव्याला वेगळं बटण द्या. तिन्हीसांजेला तिन्ही लावा, जेवण झाल्यावर तोकोनोमाचा आणि टेबलावरचा घालवा, आंदोन राहू दे.

ह्या सगळ्यात आत्ता, गिलावा व्हायच्या आधी, तातडीचं काय असेल तर प्लग. जमिनीवरच्या दिव्यांना जमिनीजवळ प्लग लागतात आणि आपल्या फ्लॅटमध्ये ते चुकीच्या जागी असतात. घरातले दोन-तीन टेबललॅम्प घ्या, २७०० चे बल्ब लावा, एक्स्टेंशन बोर्ड घेऊन संध्याकाळी सात वाजता त्या खोलीत जा. वडिलांनाही न्या, पेपर द्या. दिवे जमिनीवर सरकवत राहा, जिथे बरं वाटेल तिथे थांबा. दोन संध्याकाळी पुरतील. जिथे दिवा थांबला त्याच्या मागच्या भिंतीवर, जमिनीपासून नऊ इंचांवर, खडूने फुली मारा आणि तिसऱ्या दिवशी वायरमनला बोलवा.